जिन्यावरची मशेरी

वनमाला तंबाखू खात नव्हती. ऑपरेशनच्या आधी फॉर्म भरणाऱ्या डॉक्टरने विचारलं, "तंबाखू? गुटखा? पान? दारू?" तेव्हा तिने चारही वेळा नकारार्थी मान हलवली, आणि चौथ्या वेळी जरा जोरातच. बासष्ट वर्षांच्या बाईला हे काय विचारणं झालं! शेजारी उभा असलेला तिचा मुलगा नितेश म्हणाला, "आई सुपारीसुद्धा तोंडात टाकत नाही हो." तो खोटं बोलत नव्हता, तीही नव्हती. आणि तरी मायलेकांनी मिळून त्या डॉक्टरच्या डोळ्यांत धूळ फेकली होती, कारण ही बाई गेली पंचेचाळीस वर्षं रोज सकाळी मशेरी लावत होती.

आता कुणी शहाणा म्हणेल, मशेरी म्हणजे तंबाखूच की! त्याने विक्रोळीला वनमालाच्या चाळीत येऊन हे म्हणून दाखवायचं होतं, बायकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. तंबाखू बाप्ये खातात, गालात धरतात, भिंती रंगवतात. मशेरीने दात घासायचे असतात. बाजारातून तंबाखूची काळी पानं आणायची, जुन्या लोखंडी तव्यावर त्यांचा पार कोळसा होईपर्यंत भाजायची, चोळून पूड करायची आणि सकाळी उठल्यावर ती बोटाने दातांना लावून बसायचं. मग चूळ भरली की झालं. पोटात कण जात नाही. जे काही वाईट असेल ते धुराबरोबर गेलं, असं देवगडला वनमालाची आजी म्हणायची, मग आई म्हणायला लागली, मग वनमाला. खोकत खोकत म्हणायची, कारण तो धूर जीवघेणा असे. पण त्या खोकल्यावरून काही ताडावं, असं तिघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

चट्टा निघाला उजव्या गालाच्या आत. आधी पांढरा, मग लाल, मग तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. वनमाला हळद लावून बसली होती. सून श्रुतिकाने तिचं काही चालू दिलं नाही आणि धरून डॉक्टरकडे नेलं, म्हणून बरं. "लवकर सापडलं," असं सगळे डॉक्टर म्हणाले, आणि नितेशने हे वाक्य नातेवाइकांना इतक्यांदा ऐकवलं, की आईला बक्षीसच लागलंय असं वाटावं. गालाचा आतला तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या. गाठी स्वच्छ निघाल्या. पण काढलेल्या तुकड्याच्या एका कडेपर्यंत आजार फारच जवळ आला होता, म्हणून तिथे काही उरलं असलं तर ते मारायला रेडिएशन घ्यायचं ठरलं. तीस वेळा, सोमवार ते शुक्रवार, घाटकोपरच्या हॉस्पिटलात, सकाळी अकरा वाजता.

नितेश आणि श्रुतिका दोघांची ऑफिसं अंधेरीला. सहा आठवडे रोज रजा कोण देणार? दोघं मोबाइलमध्ये तारखा बघत डोकं धरून बसली होती, तेवढ्यात दारातून शांताबाई म्हणाली, "मी जाईन की तिच्यासंगं. मला कोण विचारतंय दिवसभर?"

शांताबाई म्हणजे वनमालाची छत्तीस वर्षांची शेजारीण. तिचा नवरा भीमराज आणि वनमालाचा नवरा बाळा, दोघे एकाच कारखान्यात, एकाच खात्यात. एक जालन्याकडचा, दुसरा देवगडचा, पण चाळीतल्या खोल्या भिंतीला भिंत लावून. वनमालाच्या गणपतीचे मोदक पहिल्यांदा त्या घरात जायचे आणि बुद्धपौर्णिमेची खीर पहिल्यांदा या घरात यायची. दोघींची भांडणंही झाली, आणि कडाक्याची झाली. एकदा कपड्यांच्या दोरीवरून अकरा दिवस अबोला होता. पण त्या अकरा दिवसांतही सकाळी दोघी एकाच पायरीवर मशेरी लावत बसत होत्या, कारण तोंडात मशेरी असताना तसंही बोलायचं नसतं.

ते दिवस आठवले की वनमालाचा जीव गलबलून जाई. चाळीच्या टोकाला नळ, नळाला पाणी साडेपाचला. पाचपासूनच हंडे-कळशांची रांग लागायची आणि बाजूच्या दगडी पायऱ्यांवर बायकांची. सात-आठ जणी, पदर खांद्यावरून ओढून घेतलेला, बोट तोंडात. खाडीकडून गार वारा यायचा. कारखान्याच्या पहिल्या पाळीचा भोंगा झाला की एकेक जण चूळ भरायची, आणि मग अशा काही बोलत सुटायच्या की नळाला पाणी आल्याचं कळायचं नाही. कुणाची सासू, कुणाचा ओव्हरटाइम, कुणाच्या पोरीला पाहायला कोण येणार. दिवसभरात बाई बाईशी बोलायची ती तेवढीच वेळ.

आणि त्या सगळ्या जणी मशेरी लावायच्या ती वनमालाच्या हातची. महिन्यातून एकदा ती तवा चढवायची आणि सगळ्या आपापली डबी घेऊन यायच्या. कुणाची कच्ची राहायची, कुणाची राख व्हायची, वनमालाची मात्र अगदी बेताची. "काय गो तुझा हात!" असं पलीकडच्या खोलीतली शेवंती दर वेळी म्हणायची. वनमाला चौथी शिकलेली, नोकरी कधी केली नाही, स्वयंपाकाला घरात कुणी चांगलं म्हटलं नाही. जन्मात तिचं कौतुक झालं ते या एका गोष्टीसाठी, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा चांगलाच तोरा होता.

मग चाळ पाडली आणि त्याच जागेवर बिल्डिंग उभी राहिली. घराघरांत चोवीस तास पाणी आलं आणि बायका घराघरांत गडप झाल्या. शेवंती गावी गेली. तिथे तिचं तोंड उघडेनासं झालं, अन्न जाईना, आणि ती गेली. काय झालं होतं ते कुणी नाव घेऊन सांगितलं नाही. भीमराज गेला, चार वर्षांपूर्वी बाळाही गेला. उरल्या या दोघी. वनमाला दुसऱ्या मजल्यावर, शांताबाई तिसऱ्या. मधल्या जिन्याच्या वळणावर, लिफ्ट झाल्यापासून जिथे कुत्रंही फिरकत नाही, तिथे दोघी रोज सकाळी आपापली डबी घेऊन बसायच्या. बाळा गेल्यानंतरचा महिना सोडला, तर आजार कळेपर्यंत त्यात खंड पडला नाही. ऑपरेशनच्या दोन दिवस आधीसुद्धा वनमालाने तवा चढवला होता. आपण अंथरुणावर पडणार, शांताबाईची पंचाईत नको. भरलेली डबी हातात घेताना शांताबाई एवढंच म्हणाली, "कशाला गं एवढी?"

तर रेडिएशन सुरू झालं. पहिल्या दिवसाआधीच गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून तिचा साचा तयार केला होता. रोज तो चेहऱ्यावर बसवायचा आणि टेबलाला घट्ट अडकवायचा, म्हणजे मान तसूभरही हलणार नाही. "आज्जी, दहा मिनिटं हां," म्हणून प्रितम नावाचा टेक्निशियन बाहेर जायचा, जाड दार लागायचं आणि यंत्र डोक्याभोवती घुंऽऽ करत फिरायचं. दुखायचं काही नाही. वनमालाला तर पहिल्या आठवड्यात वाटलं, उगाच बाऊ करतात लोक.

खरं तर तिला ते दिवस आवडायलाच लागले होते. नंबर येईपर्यंत तास-दीड तास बाकावर बसायचं, आणि बाकावर शांताबाई. नळावरच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. कारखान्यातल्या संपाच्या वर्षी दोन्ही घरांनी मिळून एकच चूल कशी पेटवली, बाळाने भीमराजला खेकडे खायला शिकवताना त्याची जीभ कशी कापली, शांताबाईने पहिल्यांदा नारळ फोडला तो स्वतःच्याच पायावर कसा. दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या. हसताना वनमालाच्या टाक्यांचे व्रण ओढायचे.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी रेडिएशनच्या डॉ. इरावतींनी टॉर्च लावून तिचं तोंड तपासलं. टॉर्च डावीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"आजी, हिरडीला हे काळं काय आहे?"

"मशेरी," वनमालाने सरळ सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? ऑपरेशननंतर महिनाभर बंद होती, पण दात घासल्यासारखे वाटेनात, म्हणून घरात मोरीशी उभी राहून ती चिमूटभर लावत होती. आपण किती काळजी घेतो हे कळावं म्हणून तिने वर सांगितलं, "ऑपरेशनची बाजू सोडून लावते हां."

डॉक्टर टॉर्च बंद करून समोर बसल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर वनमालाला सोपं गेलं असतं. "आजी, मशेरी ही तंबाखूच. भाजून तिच्यातलं काही जात नाही. तुमच्या गालाला हे झालं ते बहुतेक तिच्यामुळेच. आजपासून बंद, नाहीतर तुमचे हे सगळे हाल पाण्यात जातील."

"पण पोटात जात नाही हो ती."

"पोटात जावी लागत नाही. गालाला लागते तेवढी पुरते."

घरी येऊन वनमालाने आपली डबी कचऱ्यात रिकामी केली. स्वतःबद्दल तिला फारसं वाईट वाटलं नाही. भाजली मीच, लावली मीच, भोगतेही मीच. पण मग एकेक चेहरा समोर यायला लागला. पायरीवर रांगेने बसलेल्या सात-आठ जणी आणि आपल्यापुढे धरलेल्या त्यांच्या डब्या. शेवंतीचं न उघडणारं तोंड. आणि एक मजला वर, आत्ता या घडीला, तिनेच भरून दिलेली डबी घेऊन बसलेली शांताबाई.

सोमवारी सांगायचं, असं तिने ठरवलं. सोमवारी बाकावर शांताबाईने तिच्यासाठी मऊ पेजेचा डबा उघडला, आणि वनमाला गप्प बसली. मंगळवारी गप्प बसली. काय सांगणार? तुला मी छत्तीस वर्षं विष दिलं, आणि ते देताना मला तोरा होता? ती उठून गेली तर? नवरा गेला, चाळ गेली, आता या वयात दुसरी शांताबाई कुठून आणायची? पण एकेक दिवस गप्प बसणं म्हणजे शांताबाईच्या गालाला आणखी एक चिमूट, हेही तिला कळत होतं. या विचाराने तिचं पेजेवरचं लक्ष उडालं. तसंही तिसऱ्या आठवड्यात लाळ आटली आणि चव मेली.

"कशी झालीय?" शांताबाई विचारायची.

"भिजलेला कागद."

"मग माझी येसराची आमटी आठव. पहिल्यांदा जेवलीस तवा नाकातनं पाणी आलं होतं तुझ्या." आणि वनमाला डोळे मिटून आठवायची. आमटीचा तवंग, शेजारच्या खोलीतून येणारा तो भाजलेल्या येसर मसाल्याचा वास, स्टोव्हची फरफर, बाळा आणि भीमराज एका ताटात भाकरी कुस्करताहेत. जिभेला काही लागत नसे, पण आठवणीत सगळं तिखट-मीठ जागच्या जागी होतं. आठवून झालं की तिला रडू यायचं, आणि शांताबाई समजायची की तोंड दुखतंय.

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी, सोळाव्या दिवशी, तिला आणखी थांबवेना. तोंडात फोड आले होते, शब्द जड झाले होते. ती म्हणाली, "माझं ऐक. ती डबी फेकून दे. मशेरी तंबाखूच असते. मला त्यानेच झालं. तुला मी दिली गे, इतकी वर्षं, माझ्या हाताने. शेवंतीला पण मीच दिली." श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, "आज आत चल. डॉक्टरला तोंड दाखव."

शांताबाई दचकली नाही. आपल्या चपलांकडे बघत म्हणाली, "मी लावत नाही."

"काय?"

"चार वर्षं झाली सोडून."

"रोज माझ्यासमोर लावायचीस ती?"

"कोळशाची पूड. मीठ घालून. डबी तीच ठेवली, तुला कळू नये म्हणून."

शांताबाई एकदाची बोलायला लागली, ती खाली बघूनच. "विहारात तपासणीचं शिबिर होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं, मशेरी लई वाईट. माझ्या गालातला चट्टा आरशात दावला मला. मी घाबरून दुसऱ्या दिवशी जिन्यावर आले, तुला सांगायचं म्हणून. बाळाभाऊंना जाऊन महिना झाला होता. तू महिनाभर दाराबाहेर आली नव्हतीस. त्या दिवशी पहिल्यांदा आलीस, माझ्या हातावर चिमूट ठेवलीस आणि म्हणालीस, शांताबाई, एवढंच राहिलंय गे आता." तिने पदराने नाक पुसलं. "माझ्याच्यानं बोलवलं नाही. म्हणलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. मग भ्या वाटायला लागलं. तू मशेरी सोडलीस तर जिन्यावर कशाला येशील? माझ्याकडं तरी दुसरं काय राहिलं होतं?"

"वनमाला आज्जी, चला," प्रितमने हाक मारली.

जाळी चेहऱ्यावर बसली, कड्या लागल्या. मान हलत नाही, तोंड उघडत नाही, अशा वेळी बाईला संताप आला तर तिने करावं काय? वनमाला आतल्या आत धुमसत राहिली. चार वर्षं! रोज सकाळी ही कोळसा लावून माझ्या शेजारी बसली, मला विष चोळताना बघत राहिली. तेव्हा बोलली असती तर माझा गाल माझाच राहिला असता. की मीच हसून उडवून लावलं असतं? "पोटात जात नाही गे ती," असं म्हटलं असतं? ते आता कधीच कळणार नव्हतं, आणि तेच सगळ्यात जास्त झोंबत होतं. यंत्र कानाशी आलं तेव्हा दुसरा विचार आला, आणि तो तिला मुळीच आवडला नाही. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत, मधला आख्खा आठवडा धरून, दहा दिवस आपणही गप्प बसलो. कशाच्या भीतीने? अगदी त्याच. तिने चार वर्षं काढली, आपण दहा दिवस. सहा महिने काढले नसते कशावरून?

बाहेर आली तेव्हा शांताबाई बाकावरच होती, पिशवी छातीशी धरून. वनमालाने तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत डॉ. इरावतींच्या खोलीत नेलं. "हिचं बघा," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी टॉर्च लावला. दोन्ही गाल ओढून बघितले, जिभेखाली बघितलं, बोटाने चाचपलं. वनमाला भिंतीला टेकून उभी होती आणि आपल्या गालाच्या वेळी धावा केला नव्हता इतका करत होती.

"जुना चट्टा आहे, पण पुष्कळ फिका पडलाय," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता काळजीचं काही दिसत नाही. दर सहा महिन्यांनी मात्र दाखवायचं. मशेरी कधी सोडलीत?"

"चार वर्षं झाली."

"म्हणूनच," डॉक्टर हसून म्हणाल्या. "फार चांगलं केलंत."

वनमालाला हायसं वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठच, अगदी पाठोपाठ, मत्सरही वाटला. तो 'म्हणूनच' माझाही झाला असता. दोन्ही एकदम वाटत होतं आणि दोन्ही खरं होतं. शांताबाईकडे बघितलं तर ती हिच्याकडे बघायला धजत नव्हती. आपण वाचलो याची तिला लाज वाटत होती.

रस्त्यावर दोघी रिक्षासाठी उभ्या राहिल्या.

"सांगायचं होतंस," वनमाला म्हणाली.

"व्हय," शांताबाई म्हणाली.

रिक्षा थांबली. शांताबाईने पेजेचा रिकामा डबा पिशवीत नीट सारला आणि म्हणाली, "उद्यापासून नातीला धाडते तुझ्यासंगं. शीतलला सुट्ट्या हायेत."

"काही नको. तूच यायचं." फोडांमुळे वनमालाला प्रत्येक शब्द वेगळा उचलावा लागत होता. "मी रागावलेय तुझ्यावर. खूप रागावलेय. अजून चौदा दिवस रोज रागावणार आहे. ते काय त्या शीतलवर रागावू?"

शांताबाईने डोळे पुसले, रिक्षात चढली आणि आत सरकून तिला जागा करून दिली. रिक्षा हायवेला लागल्यावर तिने हळूच विचारलं, "आन् चौदा दिवसांनंतर?"

वनमाला बाहेर बघत होती. "नंतर काय," ती म्हणाली, "एवढा राग चौदा दिवसांत संपतोय होय?"